दोन विसाव्यांची वाट

अर्जदार : मी, दत्ताराम गोविंद, वय पन्नाशीच्या आसपास, शिक्षण सातवी उत्तीर्ण व पुढे स्वाध्याय, व्यवसाय अर्जलेखन, बैठक पनवेल येथील तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर, बदामाच्या झाडाखाली.

जिच्याविषयी अर्ज : धर्मीबाई, मौजे शेलखार, तालुका पनवेल. वय त्यांनाही ठाऊक नाही.

घटनेचे ठिकाण : नव्या रुंद रस्त्याच्या भरावाखालील मोरी.

घटनेचा काळ : सन एकोणीसशे नव्वदनंतरची तीन वर्षे. वार मंगळवार व शनिवार, कारण त्या वारी धर्मीबाई बाजारात येत. तारखा माझ्या वहीत आहेत. धर्मीबाई तारखा मानीत नाहीत, सबब त्या येथे देत नाही.

साक्षीदार : (१) इब्राहिमचाचा, चहाची टपरी, माझ्या टेबलापासून चार पावलांवर. (२) बळीराम, वाहने मोजण्याच्या तात्पुरत्या कामावरील इसम. (३) सुगंधा, धर्मीबाईंची नात, इयत्ता आठवी, अपूर्ण.

वरील तपशील खरा आहे. यापुढे लिहितो तोही खरा आहे, आणि त्यातील काही भाग माझ्याच विरुद्ध जातो. आजवर मी इतरांच्या वतीने इतके अर्ज लिहिले की या तालुक्यातील निम्म्या तक्रारींची भाषा माझी आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी. वारसनोंदी, रेशनकार्डे, बांधाचे तंटे, तळोज्याच्या कारखान्यांच्या धुराची गाऱ्हाणी, सारे माझ्या टेबलावरून गेले आहे. स्वतःच्या नावाने लिहितो तो हा पहिलाच.

धर्मीबाई प्रथम माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही की विषय सांगितला नाही. डोक्यावरची पाटी त्यांनी सरळ माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर, शाईच्या दौतीशेजारी ठेवली. पाटीत माठाच्या जुड्या होत्या, शेवग्याच्या शेंगा होत्या, आणि सर्वांत वर केळीच्या पानात गुंडाळलेल्या त्यांच्या वहाणा होत्या. लुगडे आखूड नेसलेले, पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले. वहाणा डोक्यावर आणि पाय अनवाणी, हा प्रकार पाहून मी कारण विचारले.

“वाट आपली हाय, तिला वानांची सवय नाय,” त्या म्हणाल्या. “बाजारात घालतंय. बाजार लोकांचा.”

आणि खरोखरच त्यांनी तेथे, माझ्या टेबलाशी उभ्या राहून, वहाणा पायांत घातल्या. मी स्टूल पुढे केले, पण त्या त्यावर बसल्या नाहीत. झाडाच्या सावलीत उकिडव्या बसल्या, पण झाडाला पाठ लावली नाही. ओझे वाहणाऱ्याने टेकून बसू नये, असा त्यांचा नियम होता. एकदा टेकले की अंग ओझ्याला नाही म्हणायला शिकते.

“शेलखारहून आलात? किती लांब पडते?” मी विचारले.

“दोन इसावं.”

हे माप मला नवीन होते. डोक्यावरचे ओझे खाली ठेवून मान मोकळी करावीच लागते, त्या जागेला त्या विसावा म्हणत आणि त्याच मापाने जग मोजत. शेलखार ते पनवेल दोन विसावे : पहिला खाऱ्या खाजणजमिनीच्या बांधावर उंबरापाशी, दुसरा गावाच्या वेशीवर जुन्या दगडी कुंडीपाशी. शिरढोण सहा. उरण अकरा, आणि भरती असेल तर बारा. कोणी मैल सांगितले तर त्या समजूतदारपणे मान हलवीत, जसे आपण परक्या मुलखातील माणसाचे बोलणे ऐकतो. एकदा इब्राहिमचाचांनी त्यांना छेडले, “धर्मीबाई, तहसीलदारसाहेबांची सही किती विसाव्यांवर आहे?”

“तिला इसावाच नाय रं भाऊ. नुसतं वजं.”

मला त्या मास्तर म्हणत. मी मास्तर नाही. पहिल्या दिवशीच त्यांची चूक दुरुस्त करावयास हवी होती. मी केली नाही.

आता विषय. शेलखार हे गाव ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी लिहितो. मागे खाडी. डाव्या हाताला एका कारखान्याची भिंत, तिच्यावर काचा. उजव्या हाताला नाला, ज्याचे पाणी कधी तांबडे असते, कधी हिरवट. समोरची बाजू तेवढी मोकळी होती. तेथून बांधावरची वाट निघे आणि शेतांमधून थेट पनवेलच्या वेशीला लागे. नवी वसाहत उभी राहू लागली तेव्हा तिच्यासाठी रुंद रस्ता आला. जमीन सखल, म्हणून रस्ता उंच भरावावर घेतला, दोन पुरुष उंच. वर दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, मध्ये दुभाजक, आणि रात्रंदिवस ट्रक. तो भराव शेलखारच्या चौथ्या बाजूला भिंतीसारखा उभा राहिला.

तरीही वाट मेली नव्हती. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून भरावाखाली सिमेंटचा एक चौकोनी बोगदा ठेवला होता. यालाच मोरी म्हणतात. आठ महिने ती कोरडी असे. बायका पाट्या कमरेवर घेऊन, वाकून, तीतून पलीकडे जात आणि जुन्या वाटेला लागत. मोरीतून गेले तर पनवेल पूर्वीसारखेच दोन विसावे. नाहीतर भरावाच्या कडेने दूरच्या नाक्यापर्यंत जायचे, तेथे रस्ता ओलांडायचा आणि तेवढेच परत यायचे : सात विसावे. बस नव्या रस्त्याने जात असे, पण शेलखारला थांबा नव्हता, कारण शेलखारकडून वर चढायला रस्ताच नव्हता.

धर्मीबाईंना स्वतःची फिकीर नव्हती. त्यांची नात सुगंधा गावच्या शाळेत सातवी पास झाली होती. त्या घराण्यात सातवी पास झालेले ते पहिले माणूस. हायस्कूल पनवेलात. आठवीला तिचे नाव घातले होते. शाळेचे फाटक प्रार्थनेच्या वेळी बंद होते आणि उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत. दोन विसाव्यांवर शाळा शक्य होती. सातांवर नव्हती.

“लिवा,” धर्मीबाई म्हणाल्या. “मोरीच्या आत, येका अंगाला, हातभर उंच वटा बांदा. पावसात पोरींचं पाय कोरडं रातील, दप्तर भिजनार नाय. बस.”

“एवढेच?”

“एवडंच. आनि भ्या लिवू नका.”

“म्हणजे?”

“मोरीत जीव जाईल, पोरी बुडतील, असलं काय लिवू नका. सायबाला भ्या दाखवलं का सायेब दार लावतो.”

या वाक्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला नाही. मला दिसली ती एक निरक्षर बाई, जिला अर्ज म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. मोरीतील ओट्यासाठी अर्ज! माझ्या लेखणीचा काही मान आहे. शिवाय या व्यवसायाची एक रीत आहे, जी मी माझ्या आधीच्या अर्जनवीसांकडून शिकलो : हत्ती मागावा, तेव्हा शेळी मिळते. शेळी मागितली तर तिची लेंडीही मिळत नाही. म्हणून मी उड्डाणपूल मागितला. ‘शेलखार ग्रामस्थांकरिता भरावावरून सुसज्ज उड्डाणपूल बांधून मिळणेबाबत’, असा विषय घातला.

इब्राहिमचाचा चहाचा ग्लास टेबलावर ठेवता ठेवता ऐकत होते. ते म्हणाले, “मियाँ, ही अर्जी आहे की बिर्याणी? बाईला तर पेज हवी होती.”

धर्मीबाईंनीही विचारले, “पूल कोनाला? त्येच्यावर चडाया आनि येक इसावा लागंल.” मी त्यांना हत्ती आणि शेळी समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, “बरं. तुमी मास्तर.”

येथवर जे घडले ते व्यवसायात घडतेच. यापुढचे घडावयास नको होते. अर्ज पुरा झाला, पण तो मला अळणी वाटला. पूल मागितला होता, पण पूल का हवा, याची धार नव्हती. मी शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य घातले. ते मला आजही पाठ आहे. ‘सदर मोरीतून शालेय मुली व स्त्रिया अक्षरशः जीव मुठीत धरून ये-जा करीत असून कोणत्याही क्षणी भीषण दुर्घटना घडण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ वाक्य उत्तम आहे. त्यातील एकही शब्द हलवता येत नाही.

धर्मीबाईंची पद्धत अशी की अंगठा देण्यापूर्वी अर्ज वाचून घ्यायचा. त्या डोळे मिटून ऐकत. शेलखार, सुगंधा, मोरी, असे ओळखीचे शब्द आले की मान हलवीत, जणू देवळात नावे घेतली जात आहेत. मी मोठ्याने वाचले. त्या वाक्याशी आलो आणि ते सोडून पुढे गेलो. पक्षकाराला लेखनाची कारागिरी ऐकविण्याचे कारण नसते, असे मी मनाला सांगितले.

“समदं वाचलंत?” त्यांनी डोळे उघडून विचारले.

“सगळे.”

त्यांनी शाईत अंगठा बुडवला आणि मी दाखवलेल्या जागी ठेवला. बोट लुगड्याला पुसले, पाटी डोक्यावर घेतली आणि बाजारात गेल्या. टेबलावर माठाची एक जुडी राहिली होती. ती त्या दर खेपेला ठेवीत, विसरल्यासारखे करून.

शाळा सुरू झाली. पहिला महिना सुगंधा मोरीतून गेली. पावसाचे पाणी घोट्याच्या वर आले की दप्तर डोक्यावर घेई, आजी भाजी घेई तसेच. मंगळवारी आणि शनिवारी दोघी बरोबर येत. शाळा लागण्यापूर्वी सुगंधा माझ्या टेबलाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर दप्तर ठेवून पाय पुसे, आणि मी लिहीत असलेला कागद उलटा वाचण्याचा प्रयत्न करी. “सबब म्हंजे काय ओ?” असे तिने एकदा विचारले होते. मी सांगितले. ती म्हणाली, “मग सरळ म्हणून असं का नाय लिवत?” शाळेत ती शुद्ध बोलण्याचा सराव करीत होती, तो मधेच सुटे.

त्यानंतरच्या आठवड्यात दोन कामगार आले आणि त्यांनी मोरीच्या दोन्ही तोंडांना लोखंडी गज बसवले. हाताच्या चार बोटांएवढ्या अंतरावर एकेक गज. पाणी जाईल, माणूस जाणार नाही.

मला हे शनिवारी कळले. धर्मीबाई नेहमीपेक्षा बऱ्याच उशिरा आल्या. ऊन वर आले होते, जुड्या माना टाकून पडल्या होत्या. त्यांनी पाटी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली, दोन्ही हातांनी मान चोळली, आणि एकच शब्द बोलल्या.

“सात.”

सुगंधाने झगडून पाहिले. पहाटे कोंबड्याबरोबर निघायची, तरी फाटक बंद होऊनच पोचायची. काही दिवस ती फाटकाबाहेर मधल्या सुट्टीपर्यंत उभी राहिली. वर्गशिक्षिका चांगल्या होत्या, त्यांनी आत घेण्याची खटपट केली. पण रोजचा नियम कोणी रोज मोडू शकत नाही. घटस्थापनेच्या सुमारास तिने येणे सोडले. सातवी पास होऊन पुढे थांबणे म्हणजे काय, याबद्दल मला काही माहिती आहे. ती येथे अप्रस्तुत आहे.

उड्डाणपुलाची मागणी मात्र कचेरीत चालू होती. मागणी आली की तिची छाननी होते. म्हणून नाक्यावर एक खुर्ची, एक छत्री आणि बळीराम नावाचा एक इसम बसवण्यात आला. त्याच्याकडे रकाने आखलेली वही होती : ट्रक, बस, मोटार, रिक्षा, दुचाकी, सायकल, बैलगाडी. जे वाहन जाईल त्याच्या रकान्यात एक रेघ ओढायची. पुढील संभाषण बळीरामने माझ्या समक्ष, इब्राहिमचाचांच्या टपरीवर सांगितले.

धर्मीबाई त्याच्यासमोरून जाताना थांबल्या. “काय लिवतंस?”

“वाहनं मोजतोय, आजी. किती जातात ते.”

“मना कंच्या खान्यात घातलंस?”

“चालणाऱ्याला रकाना नाय.”

“बैलाला हाय?”

“बैलाला नाय, गाडीला आहे.”

“मग ही काय?” त्यांनी डोक्यावरच्या पाटीवर हात ठेवला. “माल हाय, बाजाराला चाललाय. चाकं तेवडी नायत.”

बळीराम हसला. दुसऱ्या फेरीला त्या पुन्हा थांबल्या. “घातलंस?” तिसऱ्या फेरीलाही. शेवटी लाजेखातर त्याने बैलगाडीच्या रकान्याबाहेर, समासात, एक रेघ ओढली. तेव्हापासून धर्मीबाई जाताना थांबत, रेघ स्वतःच्या डोळ्यांनी पाहत, आणि मगच पुढे जात. इतर बायकांनाही त्या सांगत, “थांबा गो, आपली रेग काडू द्या त्याला.” समास भरत गेला. वही जमा करताना साहेबांनी विचारले, या रेघा कसल्या? बळीराम म्हणाला, “पेन चालतंय का बघत होतो, साहेब.”

“असं का बोललास रे?” चाचांनी त्याला विचारले.

“तात्पुरता आहे मी, चाचा,” तो म्हणाला, आणि चहा न संपवता उठला.

निकाल असा आला : शेलखारकडे जाणारी वाहने शून्य. सबब उड्डाणपुलाची आवश्यकता दिसून येत नाही. अर्ज निकाली. ज्या गावाला रस्ता नाही त्याकडे वाहने जात नाहीत, म्हणून त्याला रस्ता नको. मी उभे आयुष्य सरकारी भाषेत काढले आहे, पण असे वाटोळे वाक्य मला लिहिता आले नसते.

त्यानंतर धर्मीबाई म्हणाल्या, “मास्तर, चला. आपुन सायबाकडं जाऊन बोलू. कागूद पुरे झाला.”

नियोजनाच्या कचेरीत मी त्यांच्यासोबत गेलो. साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी धर्मीबाईंना खुर्ची दिली. त्या नेहमीप्रमाणे बसल्या नाहीत, आणि साहेबही मग उभे राहिले, हे नमूद करणे मला योग्य वाटते. भिंतीवर नव्या वसाहतीचा नकाशा होता. राहण्याच्या जागा पिवळ्या, कारखाने जांभळे, मोकळी जमीन हिरवी, रस्ते जाड दुहेरी रेघांचे. साहेबांनी बोट ठेवून शेलखार दाखवले. तपकिरी रंगाचा, वालाच्या दाण्याएवढा ठिपका.

“आनि बाजार?”

साहेबांनी बाजार दाखवला. धर्मीबाईंनी पदराने हात पुसला आणि ठिपक्यापासून बाजारापर्यंत बोटे ठेवली.

“चार बोटं.”

“हो ना, आजी. तुमचं गाव जवळच आहे.”

“मग मना सात इसावं का लागतात?”

साहेबांना विसावा समजावून सांगावा लागला. ते मी केले. ऐकून ते म्हणाले, “नकाशात अंतर सरळ रेषेत मोजतात, आजी.”

“सरल कावला जातो, सायेब. आमी बायका.”

धर्मीबाई नकाशाच्या अगदी जवळ गेल्या. त्यांनी वाट शोधली. मोटारींच्या रेघा होत्या, पाण्याच्या निळ्या रेघा होत्या, विजेच्या तारांसाठीही ठिपक्यांची रेघ होती. “ह्यात मानसं कुठनं चालतात?” त्यांनी विचारले. साहेब मनापासून शोधू लागले. मला ते दृश्य आठवते : खाली वाकलेली वृद्ध बाई आणि तिच्याशेजारी वाकलेला साहेब, दोघेही एकाच कागदावर एक वाट शोधत आहेत.

“नकाशात नाही,” शेवटी ते म्हणाले. “पण निदान गज तरी काढता येतील का ते बघतो.” त्यांनी शिपायाला फाइल आणावयास सांगितली, ती उघडली, आणि त्यांचा चेहरा पडला. “आजी, हे अवघड आहे. मोरी धोकादायक आहे असं तुम्हीच लिहून दिलंय. तुमचा अंगठा आहे.”

“मी?”

मग साहेबांनी ते वाक्य वाचून दाखवले. जीव मुठीत धरून. कोणत्याही क्षणी. शक्यता नाकारता येत नाही. त्यांचा आवाज चांगला होता, उच्चार स्पष्ट होते. आपले वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची ती माझी पहिलीच वेळ. ते म्हणाले, “हे फाइलवर असताना मी गज काढले आणि उद्या काही झालं, तर जबाबदार कोण?”

धर्मीबाईंनी माझ्याकडे पाहिले. एकदाच. डोळ्यांत राग असता तर मी तो येथे नोंदवला असता. राग नव्हता. बाजारात एखादी शेंग हातात घ्यावी, ती आतून किडलेली निघावी, आणि आपण ती मुकाट्याने बाजूला ठेवावी, तसे ते पाहणे होते.

साहेबांना त्या एवढेच म्हणाल्या, “पानी चार मयनं असतंय, सायेब. आट मयनं मोरी रिकामीच हाय. रिकामं घर कोन असं गज लावून ठेवतंय?” आणि निघाल्या.

माझ्या टेबलाशी आल्यावर मला वाटले, त्या सरळ पुढे जातील. त्यांनी पाटी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली, दौतीशेजारी, नेहमीसारखी. मान चोळली. जुडी मात्र त्या दिवशी ठेवली नाही.

त्यानंतर मी तीन अर्ज लिहिले, मोबदल्याचा विचार न करता. पहिल्यात गज काढण्याची विनंती केली, दुसऱ्यात आर्जव केले, तिसऱ्यात मूलभूत हक्कांची आठवण दिली. प्रत्येक अर्जात मागील अर्जाचा संदर्भ द्यावाच लागतो, तो नियम आहे. त्यामुळे प्रत्येक उत्तरात माझे वाक्य परत येई : ‘आपण स्वतः आपल्या पूर्वीच्या अर्जात नमूद केल्याप्रमाणे सदर मोरी जीवितास धोकादायक असल्याने...’ जितके अर्ज लिहिले तितके ते वाक्य पक्के होत गेले. धर्मीबाई भिंत, नाला, खाडी आणि भराव यांच्यामध्ये अडकल्या होत्या. मी माझ्या स्वतःच्या अक्षरांत अडकलो होतो. चाचा एकदा म्हणाले, “दत्तारामभाऊ, तुमच्या कलमाने गज लावले. आता कलमानेच ते कापायला निघालात. कानस आणा, कानस.” त्या दिवशी मी त्यांचा चहा घेतला नाही.

तिसऱ्या वर्षी धर्मीबाईंचे येणे आधी मंगळवारचे थांबले, मग शनिवारचेही. सून येई. तिने सांगितले की गुडघे गेले. सात विसावे आता होत नाहीत. भाजी मात्र येत होती आणि ताजी येत होती. हे मला कळेना. सून नुसती हसली. “या की बगायला. कंदी आलात का आमच्याकडं?”

मी गेलो नव्हतो, ही गोष्ट खरी. चार अर्ज लिहिले, मोरीची लांबी-रुंदी लिहिली, पाण्याची खोली लिहिली. मोरी पाहिली नव्हती.

मागच्या शनिवारी सकाळी मी टेबल चाचांच्या हवाली केले आणि वेशीवरून जुन्या वाटेने चालत मोरीच्या अलीकडच्या तोंडाशी गेलो. वाटेवर गवत वाढले होते, पण एका पायाएवढी रेघ अजून उघडी होती. सोबत एक कच्चा कागद होता. त्यावर या अर्जाचा शेवटचा भाग लिहिला होता, यावेळी लहान.

वाकून पाहिले. मोरी आतून थंड होती आणि लांबच्या टोकाला उजेडाचा चौकोन दिसत होता. त्या चौकोनात, पलीकडच्या गजांमागे, धर्मीबाई बसल्या होत्या. मधल्या कोरड्या जमिनीवर जोड देऊन लांब केलेला एक बांबू आडवा पडला होता, त्याच्या टोकाला आकडा. सुगंधा जुड्या केळीच्या सोपटाने बांधी, गजांतून आत घाली, आणि बांबूने मोरीतून ढकलत अलीकडच्या तोंडापर्यंत आणी. सून पहाटेच रिकाम्या हाताने नाक्यावरून सात विसाव्यांचा वळसा घालून अलीकडे आली होती आणि गजांतून एकेक जुडी ओढून पाटीत रचत होती. भाजी दोन विसाव्यांनी जात होती. माणूस सातांनी.

“कोन त्यो?” आतून आवाज घुमत आला.

“मी. दत्ताराम.”

“मास्तर व्हय! आलाव शेवटी. किती इसावं लागलं?”

“हात रिकामे होते,” मी म्हणालो.

“मग ते चालनं नव्हं. ते फिरनं.”

मी कागद बांबूच्या आकड्याला लावला. सुगंधाने तो ओढून घेतला. धर्मीबाई म्हणाल्या, “तू वाच गो. मास्तर नको.” त्यांनी डोळे मिटले. सुगंधा वाचू लागली. तिचा आवाज मोरीतून माझ्यापर्यंत स्पष्ट येत होता. ती कोठेही अडखळली नाही, ‘सबब’वरही नाही, कारण मी तो शब्द घातला नव्हता. मागील वाक्य कोणी घातले, कोणी ऐकवले नाही, हे ज्या ओळीत लिहिले आहे तेथे ती किंचित थांबली, आणि मग तेही वाचले.

“समदं वाचलंस?” धर्मीबाईंनी विचारले.

“समदं, आजी.”

“काय सोडलं नाय ना?”

“नाय.”

वरून ट्रक जात होते, माती बारीक बारीक गळत होती. मग बांबू सरकत आला. आकड्याला कागद होता. त्याच्या खाली अंगठा होता, शाईचा नव्हे. ओल्या मातीचा. कागदामागे माठाची एक जुडी होती.

सुनेची पाटी मी मागून घेतली आणि डोक्यावर ठेवली. वेशीपर्यंतच्या त्या वाटेला मला चार विसावे लागले. सून प्रत्येक वेळी थांबली आणि दुसरीकडे पाहत राहिली.

धर्मीबाई हयात आहेत, म्हणून हा अर्ज मुदतबाह्य नाही. तो कोणत्या साहेबांकडे द्यावा याचा उलगडा मला झालेला नाही. म्हणून तो वाचील त्या प्रत्येकाकडे देत आहे. त्या मातीच्या अंगठ्यावरचा मजकूर पुढीलप्रमाणे :

शेलखारच्या मोरीचे गज काढावेत. आत एका बाजूला हातभर उंच दगडी ओटा बांधावा. मोरी धोकादायक आहे असे पूर्वी लिहिले होते. ते धर्मीबाईंनी सांगितले नव्हते. त्यांनी लिहू नका म्हणून सांगितले होते. ते वाक्य दत्ताराम गोविंद याने घातले आणि वाचून दाखवताना गाळले. ते परत घेत आहोत. नकाशावर शेलखारपासून बाजारापर्यंत एक बारीक रेघ काढावी आणि ती पायी चालणाऱ्यांची आहे असे तेथे लिहावे. सुगंधाला आठवीत पुन्हा बसता यावे. पूल नको.

याचे उत्तर लेखी द्यावे, ही प्रार्थना. ते पनवेलला माझ्या टेबलावर पाठवू नये. धर्मीबाईंच्या हातात, शेलखारला द्यावे, आणि जो कोणी ते घेऊन जाईल त्याने नाक्यावरून, पायी, डोक्यावर काहीतरी घेऊन जावे.